पेन्सिल्वेनियातील क्वेकर शेतकऱ्याचे दगडी घर : दगडावर कोरलेले साल कितपत खरे मानावे?

धंतोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत पेन्सिल्वेनिया राज्यातील चेस्टर काउंटीत राहतात. गेल्या वर्षी त्यांनी तिथे थोड्या शेतजमिनीसह एक जुने दगडी घर विकत घेतले. मी यंदा उन्हाळ्यात चार महिने त्या घरात राहून नुकतीच नागपूरला परतले आहे. माझे बालपण नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात गेले, त्यामुळे जाड भिंती, काळोखी जिने आणि पावलागणिक कुरकुरणाऱ्या फळ्या मला नव्या नाहीत. तरीही हे घर मला काही केल्या उलगडले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

घर दुमजली असून भिंती जवळजवळ दोन फूट जाडीच्या आहेत. खिडकीच्या आतल्या बाजूला एवढी जागा सुटते की मी रोज दुपारी पाय वर घेऊन तिथेच वाचत बसत असे. दगड करड्या-तपकिरी रंगाचा आहे, आणि ऊन तिरपे पडले की त्यात अभ्रक चमकते. आपल्या मनसर-रामटेककडच्या दगडात दिसते तसे. खालच्या मजल्यावरची चूल म्हणजे भिंतीतली एक खोलीच म्हणावी लागेल, कारण तिच्यात वाकून आत उभे राहता येते, आणि भांडे टांगण्यासाठी फिरता लोखंडी दांडा अजून जागेवर आहे. चुलीच्या शेजारी एक दार आहे. ते उघडले की आत अगदी अरुंद, वळत वर जाणारा लाकडी जिना लागतो. दर्शनी बाजूला एकाच्या शेजारी एक अशी दोन दारे आहेत.

आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीत एक चौकोनी दगड बसवला असून त्यावर वर एक अक्षर, खाली दोन अक्षरे आणि त्याखाली १७४२ हे साल कोरले आहे. घर विकणाऱ्या मध्यस्थाने ‘हे १७४२ चे क्वेकर घर आहे’ एवढेच सांगितले. परंतु दर्शनी भिंत मी रोज पाहत होते, आणि माझ्या लक्षात आले की जोत्यापासून छपरापर्यंत एक उभी सांध सरळ वर जाते. तिच्या डावीकडचे दगड लहानमोठे आणि वेडेवाकडे आहेत, तर उजवीकडचे पुष्कळसे सारख्या थरांत रचलेले आहेत. मग १७४२ हे साल नेमके कशाचे? घर क्वेकरांचे, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचे, होते हे कशावरून ठरवायचे, आणि ‘क्वेकर घर’ ही बांधकामाची काही वेगळी पद्धत आहे का? आणखी एक काळजी आहे. भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या भरलेल्या फटी, जागोजागी सुटल्या असल्याने एका ठेकेदाराने त्या सर्व खरवडून सिमेंटने भरून देण्याचे सुचवले आहे, आणि मुलगी त्याला होकार देण्याच्या बेतात आहे.

जुने_बांधकाम, महाल

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे, याला नाही. मुलीला आजच फोन करून ठेकेदाराला थांबवायला सांगा.

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतले गेले. त्याआधीची दगडी भिंत म्हणजे चुन्यातली किंवा मातीतली भिंत, हे जवळपास निश्चित समजावे. त्या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती पुष्कळदा आतून चिखलमातीत रचलेल्या असतात आणि फक्त बाहेरच्या दरजा चुन्याने भरलेल्या असतात. अशा भिंतीला बाहेरची आणि आतली अशा दोन पाठी असतात, मध्ये लहान दगडांची भर असते, आणि दोन्ही पाठींना धरून ठेवण्यासाठी मधूनमधून लांब दगड आत घातलेले असतात. अशी भिंत ओलावा घेते आणि सोडते, आणि तो सोडण्याची वाट दरजेतून असते. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ असते ती याचसाठी. झिजायचेच तर दरजेने झिजावे आणि पन्नास-साठ वर्षांनी ती पुन्हा भरावी, दगड मात्र शाबूत राहावा, असा तो हिशेब आहे. सिमेंटची दरज दगडापेक्षा कठीण आणि पाण्याला बंद असते. ओलावा मग दगडातच अडकतो, आणि पेन्सिल्वेनियाच्या हिवाळ्यात तो गोठून फुगतो, वितळतो, पुन्हा गोठतो. अशा दहा-पंधरा हिवाळ्यांत दगडाचे तोंड पापुद्र्यासारखे सुटून येते. अभ्रकी दगडात तर मुळातच थर असतात, म्हणून तो आपल्या काळ्या दगडाहून लवकर सुटतो. आपल्याकडे बर्फ नाही, तरीही चुन्यातल्या कित्येक भिंतींना सिमेंटचा गिलावा करून लोकांनी आतून लोणा आणवला आहे, आणि ते मी चाळीस वर्षे पाहत आलो आहे. काम चुन्यानेच करून घ्यावे, आणि थंडी सरल्यावर करून घ्यावे, कारण ओला चुना गोठला तर तो कधीच धरत नाही.

आता सांधेविषयी. भिंतीत आरपार उभी सांध असणे म्हणजे दोन बांधकामे दोन वेळा झाली, हे जवळपास नक्की. आधीचे कोणते, हे ओळखण्याची एक खूण आहे. घराचा कोपरा बांधताना गवंडी मोठे, बऱ्यापैकी चौकोनी दगड निवडतो, आणि एक लांब बाजूने तर त्यावरचा आखूड बाजूने असे आलटूनपालटून बसवतो. सांधेच्या ज्या बाजूला असे कोपऱ्याचे दगड एकावर एक दिसतील, ती बाजू एके काळी घराचा मोकळा कोपरा होती, म्हणजेच ती आधीची. दुसरी भिंत नंतर येऊन तिला टेकली. दोन दारांचा उलगडाही काही वेळा इथेच होतो, कारण प्रत्येक भागाला आपले दार असते. पण त्या प्रदेशात एकाच वेळी बांधलेल्या घरांनाही दोन दर्शनी दारे आढळतात, म्हणून नुसत्या दारांवरून निष्कर्ष काढू नये.

मग माळ्यावर जावे आणि विजेरी भिंतीशी तिरपी धरून लाकूड पाहावे. तुळयांवर आणि फळ्यांवर करवतीच्या सरळ, समांतर रेषा असतील तर ते लाकूड हाताच्या किंवा पाणचक्कीवर वरखाली चालणाऱ्या करवतीचे आहे. रेषा कमानीसारख्या वळत असतील तर ती गोल करवत आहे, आणि गोल करवत सर्रास आली ती एकोणिसाव्या शतकात. खिळेही बोलतात. लोहाराने ठोकलेल्या खिळ्याचे अंग चारही बाजूंनी निमुळते होत जाते आणि डोक्यावर हातोड्याचे पैलू दिसतात. पत्र्यातून यंत्राने कापलेले खिळे १७९० नंतर पसरले, आणि आजचे तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीशेवटी. एखादा खिळा नंतरच्या दुरुस्तीचाही असू शकतो, म्हणून आठ-दहा ठिकाणी पाहूनच ठरवावे.

आणि एक प्रश्न माझ्याकडून. ते साल कोरलेला दगड सांधेच्या कोणत्या बाजूच्या भिंतीत आहे?

सिव्हिल_लाइन्स_इतिहास

वरील प्रतिसादातील प्रश्न कळीचा आहे. त्याचे उत्तर येईपर्यंत मी घराच्या कागदी बाजूविषयी लिहितो.

क्वेकर ही बांधकामाची शैली नाही, तो एक धर्मपंथ आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या उपदेशातून तो उभा राहिला, आणि त्याचे अनुयायी स्वतःला ‘फ्रेंड्स’, म्हणजे मित्र, म्हणवतात. पुरोहित नको, चर्चचा दशमांश कर नको, शपथ घेणार नाही, शस्त्र धरणार नाही, न्यायाधीशापुढेही टोपी काढणार नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि तीपायी हजारो जणांनी तुरुंग भोगला. त्या काळच्या इंग्रजीत वडीलधाऱ्यांना आणि वरिष्ठांना आदरार्थी सर्वनाम वापरीत. क्वेकरांनी ते नाकारून सर्वांना, अगदी सरदारालाही, एकवचनी ‘तू’ म्हणायला सुरुवात केली. आपल्या भाषेत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या तिन्हींचे वजन अजून जागते असल्याने त्या एका शब्दाने किती लोक दुखावले असतील हे आपल्याला चटकन समजते. विदर्भाला हा पंथ अगदीच अपरिचित नाही. सेवाग्रामला नई तालीमचे काम करणाऱ्या मार्जोरी साइक्स क्वेकर होत्या, आणि होशंगाबाद भागात इंग्रज क्वेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम सुरू केले तेव्हा तो भाग नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच होता.

विल्यम पेन स्वतः क्वेकर होता. त्याच्या नौदलातील वडिलांचे राजाकडे येणे होते. त्याच्या बदल्यात दुसऱ्या चार्ल्सने १६८१ साली त्याला अमेरिकेतील मोठ्या प्रदेशाची सनद दिली, आणि पुढच्याच वर्षी पेन तिथे पोहोचला. फिलाडेल्फिया, बक्स आणि चेस्टर या आपल्याकडचे परगणे म्हणता येतील अशा मूळच्या तीन काउंटी. इंग्लंड, वेल्स आणि आयर्लंडमधून आलेल्या क्वेकर शेतकऱ्यांनी चेस्टरच्या टेकड्यांवर गहू पिकवला, गाई पाळल्या. पहिली घरे ओंडक्यांची असत. हाती पैसा आला, शेतातले दगड निघाले, चेस्टर खोऱ्यातल्या चुनखडीच्या भट्ट्या पेटल्या, की मग दगडी घर. दगड वापरण्यामागे धर्म नव्हता, जमीन होती. नांगराच्या फाळाला लागणारा दगड बांधावर टाकण्याऐवजी तो भिंतीत गेला.

‘क्वेकर प्लॅन’ असा एक शब्द मात्र वास्तुकलेच्या पुस्तकांत भेटतो. एका बाजूला मोठी खोली आणि दुसऱ्या बाजूला मागेपुढे दोन लहान खोल्या, अशी ती तीन खोल्यांची रचना. १६८४ च्या सुमारास पेनच्या वतीने निघालेल्या एका माहितीपत्रकात नव्या वसाहतवाल्यांना तीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद अशा घराचा जवळपास असाच सल्ला दिलेला आहे, त्यावरून विसाव्या शतकातील अभ्यासकांनी हे नाव पाडले. प्रत्यक्षात ते घर लाकडाचे सुचवले होते, आणि तशीच तीन खोल्यांची घरे क्वेकर नसलेल्यांचीही सापडतात. तेव्हा खोल्यांच्या मांडणीवरून मालकाचा पंथ ठरवता येणार नाही.

पंथ ठरतो तो दप्तरावरून, आणि क्वेकरांइतकी दप्तरे फार थोड्यांनी ठेवली असतील. त्यांच्या मासिक सभेच्या, म्हणजे दर महिन्याला भरणाऱ्या स्थानिक मंडळाच्या, वह्यांत जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदी असतात. कुटुंब दुसऱ्या गावी गेले की जुन्या सभेचे प्रमाणपत्र नव्या सभेला द्यावे लागे, त्यामुळे माणसाचा प्रवास गावोगाव मागे नेता येतो. त्यांच्या विवाहात पुरोहित नसतो. वधूवर सर्वांसमक्ष वचन देतात, आणि हजर असलेले लोक त्या कागदावर साक्षीदार म्हणून सह्या करतात. एका लग्नाच्या कागदावर निम्मी पंचक्रोशी सापडते ती अशी. या वह्या मुख्यतः फिलाडेल्फियाजवळच्या स्वार्थमोर आणि हॅवरफोर्ड या दोन महाविद्यालयांच्या संग्रहांत आहेत. दगडावरची तीन अक्षरे तिथे कामाला येतील. वरचे अक्षर बहुधा आडनावाचे, खालची दोन पती आणि पत्नीच्या नावांची. त्या तीन अक्षरांशी जुळणारे जोडपे त्या गावच्या सभेच्या वहीत शोधावे.

तारखा वाचताना मोठी चूक होते, ती आधीच सांगून ठेवतो. महिन्यांची आणि वारांची बरीच नावे ख्रिस्तेतर देवदेवतांवरून पडली म्हणून क्वेकर ती वापरीत नसत. ते ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असे लिहीत. १७५२ पूर्वी इंग्रजी अमलात वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि मार्च हा पहिला महिना धरला जाई. म्हणजे १७४२ च्या कागदात ‘तिसरा महिना’ असेल तर तो मे आहे, मार्च नव्हे.

जमिनीसाठी वेगळी वाट आहे. आपण सातबाऱ्यावरून फेरफारावर आणि फेरफारावरून जुन्या बंदोबस्ताच्या कागदांपर्यंत मागे जातो, तसे तिकडे आजच्या खरेदीखतावरून मागचे, त्यावरून त्यामागचे, असे मागे जात मूळ मोजणी आणि पेन घराण्याने दिलेल्या मालकीपत्रापर्यंत पोहोचता येते. मूळ मोजणीचे कागद हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात आहेत. मध्ये खते तुटली तर मृत्युपत्रे पाहावीत, आणि त्यासोबतची मालमत्तेची यादी तर अवश्य पाहावी. मृताच्या घरात कोणत्या खोलीत किती अंथरुणे, किती चरखे, किती पिंपे होती हे ती यादी करणारे शेजारी कित्येकदा खोलीवार लिहून ठेवीत. आणि १७९८ ची कर-यादी. त्या साली अमेरिकी सरकारने घरांवर थेट कर बसवला आणि त्यासाठी घराची लांबीरुंदी, मजले, बांधकाम दगडाचे की लाकडाचे, खिडक्या किती, त्यांत काचा किती, असे सगळे टिपून घेतले. पेन्सिल्वेनियाच्या याद्या टिकून आहेत. तुमच्या मुलीने टेप घेऊन दोन्ही भाग वेगवेगळे मोजावेत आणि मग ती यादी उघडावी.

त्रिमूर्तीनगर_प्रवासी

मी नोकरीनिमित्त काही वर्षे फिलाडेल्फियात होतो. कोरलेल्या सालाविषयी एक पाहिलेली गोष्ट सांगतो.

स्कूलकिल नदीच्या काठी जॉन बार्ट्रमचे दगडी घर आहे. बार्ट्रम हा क्वेकर शेतकरी, शाळेत फारसा न गेलेला, पण पुढे वनस्पतींचा अभ्यासक म्हणून साऱ्या युरोपात मान्यता पावलेला माणूस. लंडनमधील पीटर कॉलिन्सन या क्वेकर व्यापाऱ्यामार्फत त्याने अमेरिकेतील झाडांची बियाणी पेट्या भरभरून इंग्लंडला पाठवली. १७२८ साली त्याने हे शेत घेतले, तिथे आधीपासूनच एक लहान घर होते, आणि पुढची चाळीस वर्षे तो ते वाढवत राहिला. दगड त्याने स्वतः फोडले आणि घडवले. नदीकडच्या बाजूला त्याने जे जाड खांब उभे केले आहेत त्यांचे वरचे टोक ग्रीक पद्धतीच्या वळशांचे आहे, पण ते एका शेतकऱ्याने कोरलेले आहे हे पाहताक्षणी कळते. छिन्नीचे घाव तसेच ठेवलेले, दोन्ही बाजू अगदी सारख्या नाहीत, आणि म्हणूनच मी त्या खांबांपुढून बराच वेळ हललो नाही.

या एकाच घरावर दोन साले कोरली आहेत. एका दगडावर त्याचे व त्याच्या पत्नीचे नाव आणि १७३१. दुसरा दगड खिडकीच्या वर आहे आणि त्यावर १७७० आहे. १७५८ मध्ये, येशूचे देवत्व तो मानत नाही या कारणावरून, डार्बीच्या क्वेकर सभेने त्याला पंथाबाहेर काढले होते. त्यानंतर बारा वर्षांनी त्याने या दगडावर आपली श्रद्धा एका सर्वशक्तिमान ईश्वरावर आहे असे लिहून ठेवले. म्हणजे १७७० हे साल घराचे नाहीच, ते एका माणसाच्या निश्चयाचे आहे. ताईंच्या दगडाविषयी लगेच तसे म्हणता येणार नाही, पण साल म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याची तारीख, असे गृहीत धरू नये इतके मला सुचवायचे आहे. ते लग्नाचे असेल, जमीन नावावर झाल्याचे असेल, वाढीव बांधकामाचेही असेल.

चेस्टरच्या शेजारच्या डेलावेअर काउंटीत ब्रिंटन कुटुंबाचे १७०४ चे दगडी घर पाहता येते. त्याच्या भिंती २२ इंच जाडीच्या आहेत आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या लहान काचांच्या २७ खिडक्या आहेत. मुलीने ते एकदा पाहून यावे, म्हणजे स्वतःच्या घरात काय मूळचे आणि काय नंतरचे, याला डोळा मिळेल.

वर्धा_रोड

चर्चा दगडाची आणि कागदाची चालली आहे, ती चालूच राहावी. पण या घराचा इतिहास लिहायला घ्यायचा असेल तर तो १७४२ पासून सुरू होत नाही, आणि तो तीन अक्षरांपुरताही नाही.

ती जमीन लेनापे या मूळ अमेरिकी लोकांची होती. पेनने त्यांच्याशी सलोख्याने आणि मोबदला देऊन व्यवहार केला, याचा तिकडे योग्य तो गौरव होतो. पुढच्या पिढ्यांत मात्र शेते वाढली, नद्यांवर बांध पडले आणि ब्रँडिवाइन नदीच्या काठचे लेनापे हळूहळू निघून गेले. चेस्टर काउंटीतच हाना फ्रीमन नावाची लेनापे स्त्री होऊन गेली. तिच्या आयुष्याचा बराच भाग क्वेकर शेतकऱ्यांच्या घरी शिवणकाम आणि सूतकताई करण्यात, टोपल्या विणून विकण्यात गेला. १७९७ साली, ती थकल्यावर, तिच्या पोटापाण्याची जबाबदारी कोणी घ्यायची हे ठरवण्यासाठी तिचा जबाब लिहून घेण्यात आला. कोणत्या घरी किती काळ काम केले, मजुरी काय मिळाली, हे त्यात आहे. १८०२ मध्ये काउंटीच्या अनाथाश्रमवजा गरीबगृहात ती वारली. ताईंच्या घरातल्या त्या मोठ्या चुलीपुढे अशीच कोणी बसली असेल किंवा नसेल, पण त्या परिसरातल्या दगडी घरांचा इतिहास तिच्या जबाबाशिवाय अपुरा आहे असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट गुलामगिरीची. क्वेकर म्हटले की गुलामगिरीचे विरोधक असे आपण सरसकट वाचतो. १६८८ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनच्या चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला हे खरे, पण त्यांच्या वरिष्ठ सभांनी तो बाजूला ठेवला हेही खरे. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्यांना पंथाबाहेर काढण्याचे ठरवले ते १७७६ साली. मधल्या जवळजवळ नव्वद वर्षांत क्वेकर घरांतही गुलाम होते. म्हणून वर सुचवलेली मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या वाचताना चरखे आणि पिंपे मोजून थांबू नये. माणसांची नावे त्याच यादीत, गुरांच्या वर किंवा खाली, लिहिलेली असू शकतात.

सिव्हिल_लाइन्स_इतिहास

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. हाना फ्रीमनचा उल्लेख माझ्याकडून व्हायला हवा होता. यादीबरोबर एक वर्ष आणखी लक्षात ठेवावे. ११ सप्टेंबर १७७७ रोजी अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातली ब्रँडिवाइनची लढाई याच परिसरात झाली. पंथ म्हणून क्वेकर कोणत्याच बाजूने लढले नाहीत, पण त्यांची शेते मधोमध होती. बर्मिंगहॅमचे त्यांचे दगडी सभागृह जखमींनी भरले, आणि गिडियन गिल्पिनसारख्या शेतकऱ्यांनी पुढे गाई, मेंढ्या, डुकरे, गवत, गहू गेल्याची नुकसानभरपाईची मागणी लिहून दिली. अशा मागण्यांतून लढाईच्या दिवशी एखाद्या शेतावर काय होते याची अगदी बारीक नोंद मिळते. तुमच्या घराच्या मालकाचे नाव कळले की या कागदांतही पाहावे.

धंतोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण मुलीला सुट्टीच्या दिवशीच फिरता येते. ठेकेदाराला त्याच दिवशी थांबवले.

कोपऱ्याच्या दगडांची खूण तिने पाहिली. लांब-आखूड, लांब-आखूड असे मोठे दगड सांधेच्या डावीकडे खालपासून वरपर्यंत स्पष्ट दिसतात. म्हणजे वेड्यावाकड्या दगडांचा डावा भाग आधीचा आहे. माळ्यावर डाव्या भागातल्या लाकडावर सरळ रेषा आणि चपटे, निमुळते खिळे आहेत. उजव्या भागातल्या फळ्यांवर करवतीच्या कमानी इतक्या स्वच्छ दिसतात की तिने पाठवलेल्या छायाचित्रातही मला त्या मोजता आल्या.

आता ‘जुने_बांधकाम’ यांनी विचारलेला प्रश्न. साल कोरलेला दगड उजव्या भागाच्या टोकाच्या भिंतीत आहे. म्हणजे १७४२ चा दगड नव्या भागात, आणि जुना भाग बिनसालाचा. हे कळल्यावर आम्ही मायलेकी दोघीही गोंधळलो, आणि मला तर वाटले की साल मुळातच कोणीतरी हौसेने मागाहून कोरले असावे.

मग १७९८ ची यादी सापडली. मागच्या खतांवरून त्या काळच्या मालकाचे नाव मिळाले होते, त्यावरून गावाच्या यादीत त्याचे घर शोधता आले. दुमजली दगडी घर, लांबी २२ फूट, रुंदी २० फूट, नऊ खिडक्या, आणि त्याला लागून ओंडक्यांचे स्वयंपाकघर. मुलीने मोजलेला डावा भाग बाहेरून २२ बाय २० भरतो. उजव्या भागाचे नाव त्या यादीत नाही. जिथे आज तो उभा आहे तिथे तेव्हा ते ओंडक्यांचे स्वयंपाकघर असावे. सभेच्या वहीत तीन अक्षरांशी जुळणारे एक जोडपेही मिळाले. त्यांचा विवाह १७४१ च्या ‘आठव्या महिन्यातला’ आहे. मुलगी ऑगस्ट म्हणाली. मी तिला येथला प्रतिसाद वाचून दाखवला आणि तो ऑक्टोबर आहे असे सांगितले. म्हणजे लग्न शरद ऋतूत, आणि पुढच्या वर्षी घर.

मृत्युपत्रासोबतची यादी अजून पाहायची आहे. ‘वर्धा_रोड’ यांनी जे लिहिले ते मी मुलीला शब्दशः पाठवले असून ती यादी त्याच नजरेने वाचायची असे आम्ही ठरवले आहे.

दगडाचे उत्तर अखेर माळ्यावरच मिळाले. उजवा भाग बांधताना जुन्या घराची टोकाची भिंत आत गेली, आणि आता ती दोन माळ्यांमधली भिंत झाली आहे. तिच्यावर गिलावा नाही. मुलीने मागच्या रविवारी विजेरी तिरपी धरून ती भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. आढ्याच्या बरोबर खाली, सगळी भिंत दगडाची असताना, एक चौकोन तेवढा विटांनी बुजवलेला आहे. तिने टेप लावला. रुंदी चौदा इंच, उंची साडेअकरा. मग ती खाली उतरली, शेजाऱ्यांची शिडी मागून आणली आणि बाहेरच्या भिंतीतला १७४२ चा दगड मोजला. तो पावणेचौदा बाय सव्वाअकरा आहे. घर वाढवताना कोणीतरी तो जुन्या भिंतीतून जपून काढला आणि नव्या भिंतीत, पुन्हा लोकांना दिसेल अशा जागी, बसवला.

चुन्यात काम करणारा एक गवंडी मिळाला आहे. थंडी संपल्यावर, एप्रिलमध्ये, तो डाव्या भागापासून दरजा भरायला घेणार आहे, आणि माळ्यावरच्या त्या विटांना हात लावू नये असे मुलीने त्याला आधीच सांगून ठेवले आहे.